वहीतला नारळ, धुऱ्यावरची बाभूळ

एक काम करा. कागदाचा एखादा कपटा घ्या, पेन घ्या आणि तीस सेकंदांत एक झाड काढा. विचार करायचा नाही, थांबायचं नाही. झालं?

आता न बघता सांगतो तुम्ही काय काढलंत ते. खाली दोन उभ्या रेषा, म्हणजे खोड. वर ढगासारखा गुबगुबीत घेर, म्हणजे पानं. नाहीतर मग नारळ! बारीक, वाकलेलं खोड आणि वर पाच-सहा झावळ्या. बरोबर ना?

यात तुमचं काही चुकलं नाही. आपण सगळ्यांनी शाळेत तेच 'निसर्गचित्र' काढलंय. दोन टोकदार डोंगर, त्यांच्या मधोमध उगवणारा सूर्य, डोंगरातून निघणारी नदी, काठाला कौलारू झोपडी, झोपडीशेजारी नारळ आणि आकाशात बरोबरच्या खुणेसारखे चार पक्षी. खोड तपकिरी, पानं हिरवी. दहापैकी आठ मार्क ठरलेले.

मी ताडकळसचा. पूर्णा तालुका, जिल्हा परभणी. आमच्याकडे नजर टाकाल तिथपर्यंत सपाट काळं रान. कापूस, सोयाबीन, तूर. टोकदार डोंगर नाहीत. घरं माळवदाची, पत्र्याची, आता स्लॅबची. कौलारू झोपडी मी पहिल्यांदा पाहिली ती कोकणच्या सहलीत. आणि नारळ? कुणाच्या तरी अंगणात हौसेनं लावलेला, तेवढाच. तरी आमच्या वर्गातल्या सगळ्या पोरापोरींनी वर्षानुवर्षं नारळच काढला. गावाच्या नावात चक्क 'ताड' ऐकू येतो, पण तोसुद्धा कधी वहीत आला नाही. कडुनिंब, बाभूळ, चिंच, बोर, पिंपळ ही मंडळी तर लांबच राहिली.

म्हणजे डोळ्यांसमोर एक गाव आणि वहीत भलतंच. यात काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटायचं. एका बाभळीपायी मत बदललं.

ती बाभूळ आठवेना

आमच्या आखाड्याजवळ, धुऱ्यावर एक बाभूळ होती. सुट्टीतल्या कितीतरी दुपारी तिच्याखाली गेल्या. शेळ्या तिच्या शेंगांवर टपलेल्या असायच्या. काटा मोडला नाही असा एकही उन्हाळा गेला नसेल. मी बारावीला असताना ती तोडली. दोष कुणाचाच नव्हता. धुऱ्यावरच्या झाडाच्या सावलीत पीक धरत नाही, हे कुठलाही शेतकरी सांगेल. घरात पैशाची गरज होती, लाकडाला गिऱ्हाईक आलं. तासाभरात काम झालं.

दोन वर्षांनी, कॉलेजला असताना एका रात्री ती बाभूळ कागदावर काढायला बसलो आणि हात थांबला. पहिली फांदी डावीकडे फुटायची की उजवीकडे? खोड सरळ होतं की वाटेकडे झुकलेलं? सालीवरच्या भेगा उभ्या होत्या की तिरप्या? काही म्हणजे काही आठवेना. तिच्याखाली मी झोपलो, जेवलो, अभ्यास केला, पण तिच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. नारळ मात्र डोळे मिटून काढता आला असता!

म्हणून हा लेख. झाडाचं चित्र हा हॉलमध्ये लावायच्या फ्रेमचा विषय आहे, असं आपल्याला वाटतं. पण चित्र काढणं म्हणजे आधी बघणं. आणि जे झाड आपण कधी बघितलंच नाही, ते गेल्याचं आपल्याला कळतसुद्धा नाही. परभणी हा राज्यातल्या अगदी कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. आपल्याकडे जंगल नाही. आपल्याकडे आहेत ती धुऱ्यावरची, पारावरची, रस्त्याकडेची, शाळेच्या आवारातली एकेकटी झाडं. ती एकेक करूनच जातात. बातमी होत नाही.

हिरवा रंग आपल्याच खडकातला

'आमच्याकडे काढण्यासारखं काय आहे?' हा प्रश्न मनात आला असेल तर आधी अजिंठ्याला जाऊ. तेही मराठवाड्यातच.

अजिंठ्याला आपण बोधिसत्त्व पद्मपाणी बघतो, सेल्फी काढतो आणि परत येतो. पुढच्या वेळी माणसं सोडा, झाडं बघा. दहा क्रमांकाच्या लेण्यात सहा सुळ्यांच्या हत्तीची, छद्दंत जातकाची गोष्ट रंगवली आहे. काळ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. भिंत आता काळवंडली आहे, पण त्या हत्तींच्या रानात वड आहे, पारंब्यांसकट. इतर लेण्यांतही आंबा, केळ अशी ओळखीची झाडं भेटतात. त्या चित्रकारांनी 'झाड' नाही काढलं. हे वडाचं, ते आंब्याचं, असं बघून काढलं. पान कसं लोंबतं, घोस कसा धरतो, हे त्यांना ठाऊक होतं.

आणखी एक गंमत. त्यांनी वापरलेला हिरवा रंग हिरव्या मातीचा होता. ही माती दख्खनच्या काळ्या कातळात, बेसाल्टमध्ये, पोकळ्यांतून सापडते. निळा रंग मात्र लाजवर्दाचा, म्हणजे पार अफगाणिस्तानकडून आलेला. आपली कापसाची काळी माती याच बेसाल्टची झीज होऊन बनली. म्हणजे ज्या खडकाची माती ताडकळसच्या रानात आहे, त्याच खडकातल्या हिरव्यानं अजिंठ्याची पानं रंगली! रंग परका नव्हता, झाडंही परकी नव्हती.

ही चित्रं जगाला कळली तीही बघून बघून काढणाऱ्यांमुळेच. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या प्रतिकृती करत होते. हे काम १८८५ पर्यंत चाललं. ते विद्यार्थी तुमच्याच वयाचे. त्यातल्या बऱ्याच प्रतिकृती पुढे लंडनमध्ये आगीत जळाल्या. पण त्या पोरांच्या हातात अजिंठ्याची रेषा उतरली, ती काही जळाली नाही.

फक्त पांढरा रंग, तरी ताड ओळखू येतो

आता मराठवाड्यातून पालघर जिल्ह्यात. वारली चित्रं तुम्ही कुडत्यावर, कपावर, लग्नपत्रिकेवर पाहिली असतील. त्रिकोणांची माणसं आठवतात, झाडं लक्षात राहत नाहीत. खरं तर वारली चित्रातलं झाड हा एक वेगळाच अभ्यास आहे. रंग एकच, तांदळाच्या पिठाचा पांढरा. मागे गेरूचं किंवा शेणामातीचं सारवण. ब्रश म्हणजे टोकाला चावून मऊ केलेली बांबूची काडी. ना सावली, ना हिरवा, ना तपकिरी. तरीही ताड हा ताड म्हणूनच ओळखू येतो. उंच, एकटं खोड आणि वर पंख्यांसारखी पानं. कधी त्यावर चढणारा माणूस, कधी ताडीची मडकी.

लग्नाच्या वेळी बायका काढत आलेली ही चित्रं डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी भिंतीवरून कागदावर-कापडावर आणली आणि ती जगभर गेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या झाडांत हजारो बारीक रेघा असतात. लांबून बघितलं तर वाऱ्यानं झाड हलतंय असं वाटतं. यासाठी महागडी रंगपेटी लागली नाही. लागलं ते इतकंच, की ते झाड त्यांच्या रोजच्या जगण्यातलं होतं.

तिसरं नाव कोल्हापूरचं. आबालाल रहिमान, निधन १९३१. जे. जे.त शिकले, शाहू महाराजांच्या दरबाराचे चित्रकार झाले. मुंबईत नाव कमवता आलं असतं. पण ते रमले कोल्हापुरातल्या कोटितीर्थ तलावाच्या परिसरात. तोच तलाव, तीच काठावरची झाडी, पण सकाळची वेगळी, दुपारची वेगळी, संध्याकाळची वेगळी. विषय बदलायला गाव बदलावं लागत नाही, वेळ बदलली तरी पुरतं, हे त्यांच्याकडून शिकावं.

'हे अजून कुणी कसं काढलं नाही?'

विन्सेंट व्हॅन गॉग १८८९ मध्ये फ्रान्समधल्या सां-रेमीच्या रुग्णालयात उपचार घेत होता. आजूबाजूला सायप्रसची उंच, काळपट हिरवी झाडं. त्यानं भावाला, थिओला, पत्रात कळवलं की ही झाडं त्याच्या डोक्यातून जात नाहीत, आणि आपल्याला दिसतात तशी ती अजून कुणी रंगवली नाहीत याचं त्याला नवल वाटतं. त्या भागातल्या लोकांना सायप्रस म्हणजे आपल्याला बाभूळ, तशी रोजचीच. व्हॅन गॉगनं त्यात ज्वाळा पाहिल्या. आज जगभरातली माणसं ती झाडं बघायला तिकडे जातात.

आता आपल्या बाभळीचं बघा. वसंत बापटांची 'बाभुळझाड' ही कविता तुमच्यातल्या अनेकांना माहीत असेल. शब्दांत बाभूळ कधीच आली. तुमच्या चित्राच्या वहीत अजून यायची आहे. काळी, भेगाळलेली साल. पांढुरके लांब काटे. पिवळे, लोकरीच्या गोंड्यांसारखे फुलांचे गोळे. गळ्यातल्या माळेसारख्या शेंगा. पानं इतकी बारीक की सावलीसुद्धा जाळीदार पडते. एवढं सगळं असणारं झाड आपण 'त्यात काय बघायचं' म्हणून सोडून देतो!

'पण मला हुबेहूब जमत नाही,' हे दुसरं कारण. मग पीट मोंद्रियानचं ऐका. हाच तो, लाल-पिवळ्या-निळ्या चौकोनांच्या चित्रांचा डच चित्रकार. त्याची सुरुवात झाडांपासून झाली. १९०८ च्या सुमाराचं त्याचं 'लाल झाड' सरळ झाड म्हणून ओळखू येतं. १९११ चं 'करडं झाड' म्हणजे नुसत्या वळणाऱ्या काळ्या फांद्या. १९१२ च्या 'फुललेलं सफरचंदाचं झाड' या चित्रात झाड जवळजवळ विरघळलं, उरल्या कमानी. तिन्ही चित्रं मोबाइलवर शोधून एकाखाली एक ठेवून बघा. हुबेहूब असणं हे मुक्कामाचं ठिकाण नाही, ती निघायची जागा आहे. पण निघण्याआधी त्यानं खरं झाड बघितलं होतं, हे विसरू नका.

आणि डेव्हिड हॉकनी. अमेरिकेत गाजलेला हा ब्रिटिश चित्रकार साठी ओलांडल्यावर आपल्या मूळ भागात, यॉर्कशरमध्ये येऊन राहिला आणि साधी रस्त्याकडेची झाडं रंगवू लागला. २००७ मध्ये त्यानं वॉर्टर गावाजवळच्या झाडांचं एक चित्र केलं, तब्बल ५० कॅनव्हास जोडून. लांबी सुमारे १२ मीटर, उंची साडेचार मीटर. पालवी फुटून फांद्या झाकल्या जाण्याआधी चित्र संपवायचं होतं, म्हणून घड्याळाशी शर्यत. त्याच भागातला एक जुना, वठलेला बुंधा त्याच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येतो. २०१२ मध्ये कुणीतरी रात्रीत तो कापून टाकला. हॉकनीनं काय केलं? तो आडवा पडलेला बुंधाही काढला.

माझ्या बाभळीच्या वेळी मला हे सुचलं नव्हतं.

खोड तपकिरी नसतं

ठीक आहे, बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं? तीन गोष्टी सांगतो.

पहिली, रंग. उद्या बाहेर पडलात की कडुनिंबाचं खोड बघा. ते राखाडी असतं. बाभळीचं जवळजवळ काळं. पेरूचं गुळगुळीत, साल सुटल्यावर फिकट हिरवट. रंगपेटीतला तपकिरी कुठे सापडतोय का सांगा. पानांचंही तसंच. ट्यूबमधला तयार हिरवा थेट लावला की झाड प्लॅस्टिकचं दिसतं. पिवळा आणि निळा स्वतः मिसळा, त्यात किंचित बर्न्ट सिएना घाला. उन्हातल्या बाजूला पिवळा जास्त, सावलीतल्या बाजूला निळा जास्त. लांबची झाडं फिकट, निळसर करड्या रंगाची. कडुनिंबाची कोवळी पालवी तर हिरवीच नसते, तांबूस असते.

दुसरी, आकार. डोळे अर्धवट मिटून बघा, म्हणजे पानं दिसेनाशी होतात आणि झाडाचा एकूण घाट दिसतो. चिंच गोलसर आणि दाट. बाभूळ पसरट, विरळ, पलीकडचं आभाळ दाखवणारी. पिंपळ स्थिर कधीच नसतो, कारण लांब देठामुळे पान जराशा झुळकीनंही हलतं. ताडाचं पान पंख्यासारखं, नारळाचं आणि शिंदीचं पिसासारखं. फांद्यांच्या मधल्या आभाळाच्या फटी काढल्या की झाड आपोआप उमटतं. दुपारी बाराला जाऊ नका. आपल्याकडच्या उन्हात तेव्हा सगळं सपाट दिसतं. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर.

तिसरी गोष्ट लिओनार्दो दा विंचीची, पाचशे वर्षांपूर्वीची. त्यानं आपल्या वहीत लिहून ठेवलं की झाडाच्या कुठल्याही उंचीवर सगळ्या फांद्या एकत्र केल्या तर त्यांची जाडी बुंध्याएवढी भरते. जाडी म्हणजे कापलेल्या तोंडाचं क्षेत्रफळ. समजा खोडाचा घेर १०० सेंटिमीटर आहे आणि ते दोन सारख्या फांद्यांत फुटलं. प्रत्येक फांदीचा घेर किती? आपण म्हणू ५०. नाही, सुमारे ७१. कारण बेरीज घेराची नाही, घेराच्या वर्गाची होते. आपण फांद्या काड्यांसारख्या बारीक काढतो, म्हणून आपलं झाड खोटं दिसतं. २०११ मध्ये क्रिस्टोफ एलॉय या फ्रेंच शास्त्रज्ञानं या नियमाचा संबंध वाऱ्याशी जोडला. अशा जाडीच्या फांद्या वादळात मोडायला कठीण, असं त्याचं गणित सांगतं.

मी दोरी आणि टेप घेऊन गावातल्या एका कडुनिंबावर हे करून बघितलं. पारावरच्या एका आजोबांनी विचारलं, "काय मोजायलास रे? तोडायचं हाय का?" नाही म्हणालो, चित्र काढायचंय. ते हसले. मग उठून जवळ आले आणि दोरीचं दुसरं टोक धरलं. मापं तंतोतंत जुळली नाहीत, झाड काही गणिताचं पुस्तक नाही, पण जवळपास आली. निघताना ते म्हणाले, "ही फांदी मागल्या वावटळीत गेली बग." तिथे फांदी होती हे मला माहीतच नव्हतं. त्या दिवशी लक्षात आलं, मोजमापाचं झाडाशी पहिलं नातं गावाला 'तोडणं' हेच वाटतं. दुसरं नातं असू शकतं, हे आपल्याला दाखवावं लागेल.

फोटो काढला की झालं ना?

काढा की! पण फोनच्या गॅलरीत किती झाडं आहेत आणि त्यातलं एक तरी न बघता सांगता येतं का, ते तपासा. फोटोला एक सेकंद लागतो, चित्राला चाळीस मिनिटं. त्या चाळीस मिनिटांत मुंगळ्यांची रांग दिसते, कुणीतरी ठोकलेला खिळा दिसतो, जाहिरातीच्या पाटीची तार सालीत रुतलेली दिसते. चित्र वाईट आलं तरी हे बघणं वाया जात नाही.

आणि हे फक्त कलाशाखेचं काम समजू नका. बॉटनीच्या जर्नलमध्ये तुम्ही 'आकृती काढा व नावे द्या' करताच. नव्या वनस्पतीची शास्त्रीय नोंद करताना आजही अनेकदा रेखाटन दिलं जातं, कारण रेखाटनात नेमकं काय महत्त्वाचं ते निवडता येतं. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकणाऱ्यांना तर अख्खा परिसरच मॉडेल म्हणून मिळालाय.

चला, वही काढा

१. एक झाड ठरवा. घरापासून पाच मिनिटांच्या आतलं. सुंदर नसलं तरी चालेल, रोजचं हवं.

२. कोरी वही आणि एक टूबी पेन्सिल, बस्स. रंग नंतर.

३. पहिल्या दिवशी फक्त खोड आणि पहिल्या तीन फांद्या. पानांना हात लावायचा नाही.

४. महिन्यातून एकदा त्याच जागी बसून तेच झाड काढा. बारा महिन्यांत बारा चित्रं. पानगळ, पालवी, मोहर, शेंगा सगळं त्यात येईल.

५. प्रत्येक चित्राखाली तारीख, वेळ आणि जागा लिहा. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला त्या झाडाबद्दल एक प्रश्न विचारा आणि उत्तर मागच्या पानावर उतरवा.

वर्षाअखेरीस तुमच्या हातात जे असेल ते कदाचित प्रदर्शनात लावण्यासारखं नसेल. पण रस्ता रुंद होताना, घर वाढवताना किंवा धुरा साफ करताना उद्या त्या झाडावर कुणी खूण केली, तर ते झाड कुठलं, कसं होतं, किती वर्षांचं, पहिली फांदी कुठल्या बाजूला, हे सांगणारं गावात निदान एक माणूस असेल. कधीकधी तेवढ्यानं झाड वाचतं. कधी नाही वाचत. तेव्हा निदान वही तरी असते.

आमच्या धुऱ्यावर आता त्या बाभळीच्या बियांतून उगवलेलं एक पोरगं झाड आहे. डोक्याएवढं झालंय. पहिली फांदी उजवीकडे, आखाड्याच्या दिशेनं. यावेळी मी लिहून ठेवलंय.

आणि तो सुरुवातीचा कपटा? फेकू नका. वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.